कोपराचें माप

“आजोबा, मला स्वयंपाकघर पाहिजे,” असें आमच्या पांच वर्षांच्या नातीनें वैशाखांतील एका दुपारीं मला सांगितलें, तेव्हां तिला भूक लागली असावी, असें मला प्रथम वाटलें. पण मागणी निराळीच होती. पुण्यास तिच्या शेजारच्या मुलीकडे खेळण्यांतलें एक स्वयंपाकघर आहे. तें प्लॅस्टिकचें असून कळ दाबली कीं त्यांतील शेगडी लाल होते आणि नळांतून पाणी पडल्याचा आवाज येतो. करमाडच्या मुक्कामांत तसलें स्वयंपाकघर आपल्यालाही मिळालें पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

मला ‘मृच्छकटिका’ची आठवण झाली. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं खेळून येतो आणि मग त्याला आपली मातीची गाडी नकोशी होते. सहाव्या अंकांत तो रडत असतां वसंतसेना अंगावरचे अलंकार काढून त्या मातीच्या गाडींत भरते. इतकीं शतकें लोटलीं, पण मुलें होतीं तशींच आहेत. आमच्या घरीं मात्र वसंतसेना नाहीं, आणि निवृत्त शिक्षकाजवळ अलंकारही नाहींत. तेव्हां मातीची गाडीच अशी करावी कीं सोन्याच्या गाडीची आठवण होऊं नये, असें मीं मनाशीं ठरविलें आणि लाकडाचें स्वयंपाकघर मी स्वतः करणार, असें घरांत जाहीर केलें. आमच्या सौभाग्यवतीनें नुसतें माझ्याकडे पाहिलें आणि ती पुन्हां पोळ्या लाटूं लागली. माझ्या हातून भिंतींत खिळादेखील सरळ जात नाहीं, हें तिला पक्कें ठाऊक आहे.

भातुकली या शब्दांत ‘भात’ आहे, आणि ‘भात’ हा संस्कृत ‘भक्त’ या शब्दाचा वंशज. माझ्या बहिणींची भातुकली जमिनीवर मांडली जाई. पितळेची बोटभर चूल, परात, कळशी, पळी आणि रंगीत लाकडाचें पोळपाट-लाटणें, एवढा तो संसार. पोहे, गूळ आणि दाणे हीच त्यांतली खरी पक्वान्नें. ती भातुकली बैठी होती, कारण आमच्या आयांचा स्वयंपाकही बैठाच होता. पुढें गांवोगांवीं गॅस आला. शेगडी टाकीच्या पातळीपेक्षां वर असावी, असा त्याचा नियम. त्यामुळें ओटा आला आणि स्वयंपाक करणारी बाई उठून उभी राहिली. आई उभी राहिली तशी मुलीची भातुकलीही उभी राहिली, एवढाच काय तो फरक. नातीची मागणी मला प्रथम चैनीची वाटली होती. विचार केल्यावर ती अगदीं परंपरेची वाटूं लागली.

लाकडाचा प्रश्न सहज सुटला. आमचें गांव जालना रस्त्यावर असून शेंद्र्याची औद्योगिक वसाहत जवळच आहे. कारखान्यांचें सामान ज्या पाइनच्या खोक्यांतून येतें, त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे मिळतात. परदेशांतून आलेल्या खोक्यांवर एक शिक्का असतो. त्यांत ‘एच्. टी.’ अशीं अक्षरें असलीं, तर तें लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलें असतें; ‘एम्. बी.’ असलीं, तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूनें. मुलांच्या खेळण्यासाठीं दुसऱ्या प्रकारचें लाकूड घेऊं नये. हें ज्ञान मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिलें. तो वर्गांत पाढे चुकत असे. आज उत्तम सुतार आहे. रंधा त्यानें मारला, पॉलिश पेपर मीं घांसला. कडा गोल केल्या, स्क्रूंचीं डोकीं लाकडांत बुडविलीं. रंग मुळींच दिला नाहीं. घाण्यावरच्या कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. रंगाच्या दुकानांत ‘उकळलेलें’ म्हणून जें जवसाचें तेल मिळतें, त्यांत तें लवकर वाळावें म्हणून धातूंचीं संयुगें घातलेलीं असतात, म्हणून तें टाळलें. ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तेल पुसलेल्या चिंध्या मोकळ्या जागीं पसरून वाळवाव्या. चुरगाळून टाकल्यास त्या आपोआप पेट घेऊं शकतात.

पण हें सर्व पुढचें. पहिला प्रश्न उंचीचा होता. “ओटा किती उंच ठेवायचा, गुरुजी?” असें त्यानें विचारलें. मीं हिशेबी उत्तर दिलें, “आमच्या ओट्याच्या निम्मा कर.” तो हंसला. “गुरुजी, ओट्याचं माप ओट्यावरून नसतं घ्यायचं, कोपरावरून घ्यायचं,” असें म्हणून त्यानें नातीला भिंतीशीं उभें केलें, तिचा हात कोपरांत वांकविला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. पंचवीस इंच भरले. काम करण्याची जागा कोपरापेक्षां चार-पांच बोटें तरी खालीं पाहिजे, नाहीं तर खांदे उचलावे लागतात, असा त्याचा नियम. त्यानें एकवीस इंचांवर खूण केली.

मला अंमळ ओशाळल्यासारखें झालें. मुलाचें सामान मुलाच्या मापाचें असावें, हें तत्त्व मीं कितीदां तरी नव्या शिक्षकांना सांगितलेलें. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत आपलें बालगृह उघडलें आणि मुलांना स्वतः उचलतां येतील अशा लहान खुर्च्या व मेजें तेथें ठेविलीं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र काढलें, तेव्हां तेंच शिक्षण गांवांत मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून खेड्यांतल्या मुलांपर्यंत नेलें. हें सारें मला मुखोद्गत होतें. पण घरांतल्या मुलीचें माप घेण्याची वेळ आली, तेव्हां तें सुताराला सुचलें, मला नाहीं.

आठव्या दिवशीं स्वयंपाकघर उभें राहिलें. दोन चुलींची शेगडी, फिरणाऱ्या लाकडी कळा, मोरीच्या जागीं बसविलेली स्टीलची वाटी, तीवर एक निकामी पितळी नळ, आणि वर भांड्यांची फळी. नातीनें सगळ्या कळा फिरवून पाहिल्या, ‘फस्स’ असा आवाज स्वतःच तोंडानें काढला आणि सोन्याच्या गाडीचा विषय संपला. मी कृतार्थ होऊन आरामखुर्चींत टेकलों.

इतक्यांत ती आंत गेली आणि आपल्या आजीच्या ओट्यापुढचा पाट दोन्ही हातांनीं ओढीत घेऊन आली. तो तिनें आपल्या नव्या ओट्यापुढें ठेविला व ती त्यावर चढून उभी राहिली. आतां ओटा तिच्या कमरेच्या खालीं येऊं लागला आणि तिला वांकून भात ढवळावा लागला.

“अगं, तुला पाट कशाला? हा ओटा तुझ्याच मापाचा केला आहे.”

“स्वयंपाक पाटावर उभं राहूनच करतात, आजोबा,” ती म्हणाली. “आजी नाही का करत?”

मी उठलों. टेप अजून कोनाड्यांतच होती. आमचा ओटा मोजला, चौतीस इंच भरला. त्यावर शेगडी पांच इंचांची, म्हणजे एकोणचाळीस. मग सौभाग्यवतीला उभें राहावयास सांगितलें. “हें काय भलतेंच?” असें म्हणत ती उभी राहिली. जमिनीपासून कोपर छत्तीस इंच. भांडें ठेवण्याच्या आधींच आंच तिच्या कोपराच्या तीन इंच वर होती. पाट मोजला. त्याची उंची बरोबर तीन इंच होती.

“हा पाट येथें केव्हांपासून आहे?”

“घर बांधल्यापासून.”

घर १९९६ सालीं बांधलें. त्या वेळचा प्रसंग मला आठवला. गवंड्यानें ओट्याची उंची विचारली होती. मीं तेथें स्वतः उभा राहून पाहिलें, तो माझ्या कमरेशीं आला, आणि मीं “उत्तम” म्हटलें. मी साडेपांच फूट, ती पांच फुटांस दोन इंच कमी. त्या ओट्यापाशीं मी त्यानंतर चहापुरतासुद्धां क्वचितच उभा राहिलों असेन. तिचे मात्र रोजचे चार-पांच तास तेथें गेले. एकदां पाट कलंडून तिच्या मनगटावर आमटी सांडली होती. त्याचा डाग अजून आहे. मीं तत्परतेनें मलम आणून दिलें होतें आणि वर “जरा बघून वागत जा” असा उपदेशही केला होता.

“तूं सांगितलें कां नाहींस?”

“ओटा होऊन गेल्यावर सांगून काय करायचं होतं? आणि तुम्ही उत्तम म्हणाला होतात.”

या उत्तरांत राग नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. शिक्षक या नात्यानें मीं मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविण्यांत आयुष्य घालविलें. माझी ही चूक मात्र घरांत रोज पायांखालीं दिसत असतां मीं तिला पाट म्हणत आलों.

दिवाळीपूर्वीं गवंडी बोलाविला. “आता साठी उलटल्यावर कशाला हा खर्च?” असें ती म्हणाली, मीं ऐकलें नाहीं. कडाप्पाची फरशी उचलली, खालच्या विटा कमी केल्या आणि तीस इंचांवर ती पुन्हां बसविली. त्याखालीं गॅसची टाकी जेमतेम मावली. चार दिवस स्वयंपाक पडवींत झाला. पांचव्या दिवशीं ती ओट्यापाशीं उभी राहिली. तिनें संवयीनें पायानें पाट चांचपला. तो तेथें नव्हता. मग तिनें पातेलें ठेविलें, पळी फिरविली व थोड्या वेळानें म्हणाली, “खांदा ओढत नाही.” एवढेंच.

वाचकहो, आपल्या घरच्या ओट्यापुढें एखादा पाट, चौरंग किंवा वीट पडलेली असेल, तर ती कोणी व कां ठेविली, हें एकदां विचारून पाहावें. कदाचित् विचारण्याचीही गरज पडणार नाहीं, टेप पुरेल.

तो पाट आतां नातीच्या स्वयंपाकघरापुढें असतो. तो तिला लागत नाहीं, हें तिला आजीनेंच पटवून दिलें. सुटींत ती आली कीं त्यावर मला बसवून जेवावयास वाढते. परवां मात्र तिनें मला उठविलें व लाकडी पातेलें हातीं दिलें. “आजोबा, आज भात तुम्ही लावा,” अशी आज्ञा झाली. तांदळास पाणी किती घालतात, हें मला आंत जाऊन विचारून यावें लागलें.