वैराची बाकी

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची अडत असलेल्या एका गृहस्थांनी महेश मांजरेकर यांचा ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा चित्रपट पाहिला. जयंत पवार यांच्या कथेवरील हा चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. १९८२ च्या संपानंतर उजाड झालेल्या मुंबईच्या गिरणगावातील कोवळी मुले त्यात शस्त्र हाती घेतात, सूडाने पेटतात. ती हिंसा असह्य होऊन ते उठले. आपल्या घरी असे काही नाही, एवढेच समाधान होते.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवताना त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा सहज म्हणाला, “काकांच्या मुलाला एकदा धडा शिकवणारच.”

दुकानाची वाटणी झाली तेव्हा हा मुलगा पाळण्यात होता. मग हे वैर त्याला दिले कोणी? रोज ताटावर बसून भावाच्या नावावर बाकी मांडली कोणी? हातातला घास तसाच राहिला. क्षमावाणीला गावभर हात जोडणारे ते या एका दारी कधी गेले नव्हते.

सकाळी मंदिरातून परतताना मुलाला घेऊन ते धाकट्या भावाच्या दारी उभे राहिले. दार उघडले. कोणीच बोलेना. मग आत भावजयीने दोन पाट मांडले.