डिस्चार्ज बुकातला पदकांचा रकाना

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत आणि बंदराच्या पट्ट्यात मराठी माणूस शोधत फिरावं लागत नाही. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, तेलशुद्धीकरण, बंदरावरची चढउतार, सगळीकडे सातारा, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, नगर या बाजूची माणसं आहेत. त्यांत फौजेतून उतरलेलेही आहेत: ईएमई या फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेतला डिझेल मेकॅनिक, बॉम्बे सॅपर्समधला डोझर ऑपरेटर, फायरमन, सेफ्टीचं काम बघणारा. मीही त्यांच्यातलाच. आमच्यातल्या कित्येकांना अर्ज लिहून देताना त्यांची डिस्चार्ज बुकं, म्हणजे फौज सोडताना हाती मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तकं, मी वाचत आलो, आणि त्या वाचनातून एक मत पक्कं होत गेलं. पदकांच्या रकान्यात एखादं सेवापदक राहून गेलं आणि सैनिकाने ते लिहून मागितलं, की ती त्याची हौस समजली जाते. माझ्या मते राहिलेली नोंद ही सरकारच्या स्वतःच्या दप्तरातली उणीव आहे, आणि ती भरून काढायचं ओझं दप्तर ठेवणाऱ्याने उचललं पाहिजे.

हे पटण्यासाठी आधी दोन प्रकारच्या पदकांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. वीरचक्र किंवा सेनापदक शिफारशीने मिळतं. कुणीतरी वरचा अधिकारी लिहितो, कुणीतरी मान्य करतो. सेवापदकाचं तसं नाही. ठरलेल्या भागात, ठरलेल्या काळात, ठरलेले दिवस काढले की ते लागू होतं. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, सियाचिनसाठी वेगळं, उंच पहाडासाठी वेगळं, श्रीलंकेत गेलेल्यांना विशेष सेवा पदकावर वेगळी पट्टी. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेचीही पदकं आहेत. यात कुणाची मर्जी चालत नाही. अट पूर्ण झाली की हक्क झाला. मग तो कागदावर चढायचा कसा? पलटणीचं ऑफिस पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या घडामोडींचा लेखी आदेश काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या मूळ सेवापत्रकात नोंद होते आणि पेन्शनवर येताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पलटण एका ठिकाणाहून दुसरीकडे हलत असताना, किंवा जवान बदलीवर निघालेला असताना ही साखळी एका कडीला तुटली, तरी पुढचे सगळे कागद प्रामाणिकपणे अपुरे राहतात. कारकुनाचा दोष नसतो आणि जवानाचाही नसतो. शिवाय काही पदकं कारवाई संपल्यावर जाहीर होतात. तोवर माणूस घरी आलेला असतो आणि त्याचं बुक बंद झालेलं असतं.

आता त्या रकान्यात नेमकं काय साठवलेलं असतं ते पाहा. कारगिलच्या वेळी प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात असलेल्यांना ऑपरेशन विजय स्टार मिळाला, आणि त्या मोहिमेसाठी इतरत्र तैनात झालेल्यांना ऑपरेशन विजय मेडल. डिसेंबर २००१ पासून ऑक्टोबर २००२ पर्यंत सीमेवर उभ्या राहिलेल्या फौजेला ऑपरेशन पराक्रमचं पदक. उच्च तुंगता पदक २,७०० मीटरच्या वरच्या तैनातीचं. म्हणजे जाणत्या माणसाला रिबनांची ओळ वाचून सैनिकाची सगळी वाटचाल कळते: कुठल्या वर्षी तो कुठे होता, किती उंचीवर होता, लढाईत होता की लढाईच्या तयारीत. डिस्चार्ज बुकाच्या बाकीच्या पानांवर भरतीची तारीख, ट्रेड, हुद्दा, चारित्र्याचा शेरा एवढंच असतं. ते कुठल्याही नोकरीचं दाखलापत्र होऊ शकेल. माणूस फौजेत कुठे उभा होता हे घरच्यांना वाचता येईल असं पान पदकांचंच.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेतो: सेवापदकाला पैसा नाही, पेन्शनमध्ये वाढ नाही, मग हा खटाटोप कशाला? पैसा नाही हे खरं. पण कागद पैशासाठीच असतो हे गृहीतक चुकीचं आहे, आणि सोहारमध्ये राहणाऱ्याला ते लगेच कळावं. इथल्या कारखान्यात क्रेन कितीही धडधाकट असो, तिच्या तपासणीचा दाखला अपुरा असेल तर तिला भार उचलू देत नाहीत. क्रेनचा दाखला पुरा असावा यासाठी जो आग्रह आपण रोज धरतो, तो माणसाच्या वीस वर्षांच्या दाखल्याबाबत धरला तर त्याला हौस का म्हणायचं? शिवाय उपयोग नाही असंही नाही. पुढे कधी सेवेतल्या आजाराचा किंवा दुखापतीचा दावा उभा राहिला, की माणूस कुठल्या भागात, किती उंचीवर, कसल्या परिस्थितीत तैनात होता हा प्रश्न पुढे येतोच. अशा वेळी बुकातली एक ओळ दहा तोंडी खुलाशांपेक्षा जड पडते.

दुसरा आक्षेप असा, की मेडल छावणीच्या बाजारात मिळतं, विकत घ्यावं आणि छातीवर लावावं. बाजारातली पदकं लावायची वेळ फौजेवर आली होती हेही खरंच. २००८ पासून तुंबलेल्या सुमारे १७ लाख सेवापदकांच्या निर्मितीला संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये मंजुरी दिली, यावरून टंचाई केवढी होती ते कळतं. पण सरकारी पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, बाजारच्या पदकाची कड कोरी असते. कोरं पदक कुणाचंही असू शकतं. ते याच माणसाचं आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बुकातली नोंद. धातू उशिरा आला तर चालेल. शाई उशिरा येऊन चालत नाही, कारण माणूस गेल्यावर ती मागणारंही कुणी राहत नाही.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची सेवापत्रं लंडनच्या एका गोदामात होती. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यांतली निम्म्याहून जास्त जळाली. पदकांची यादी आणि कार्डं मात्र वेगळी ठेवलेली होती, ती वाचली. आज तिथल्या अनेक घराण्यांना आपला पणजोबा लढाईत होता याचा सरकारी पुरावा म्हणून पदकाचं ते कार्डच काय ते हाती लागतं. आपल्याकडे काय उरलं? साताऱ्याच्या बाजूला, कोकणात, त्या युद्धाच्या शिळा गावोगाव आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच त्यांवर कोरलेलं. अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण त्या युद्धात गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो आकडा दगडावर आहे. आकडा गावाचा झाला. माणसाची नोंद माणसापाशी पोचली नाही. इथे ओमानमध्येही जानेवारी १९१५ मध्ये मस्कतजवळ बैत अल फलज इथे हिंदी पलटणींनी शहर राखलं, त्यात १०२ वी ग्रेनेडियर्स ही मुंबई सैन्यातली जुनी पलटण होती. त्या जवानांपैकी कुणाचं नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल का? मला तरी येत नाही, आणि हे मला लागतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप रेकॉर्ड ऑफिसच्या बाजूचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कारगिलच्या वेळी पलटण द्रासला होती म्हणून हा जवान द्रासला होता असं सिद्ध होत नाही. तो रजेवर असेल, कोर्सला असेल, इस्पितळात असेल, किंवा मागे राहिलेल्या तुकडीत असेल. वीस-पंचवीस वर्षांनी आठवण धूसर होते, आणि खोटा दावा करणारेही निघतात. हे मान्य. पण रजा, कोर्स, इस्पितळ, बदली या सगळ्यांच्याही पार्ट टू ऑर्डर निघालेल्या असतात. त्याहून महत्त्वाचं, फील्ड आणि उंच पहाडाचा भत्ता त्या जवानाच्या पगारात जमा झालेला असतो. ज्या सरकारने त्या महिन्यांचा भत्ता दिला, त्याला तो जवान त्या महिन्यांत कुठे होता हे ठाऊक होतंच. अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईच्या दप्तरखान्याला आग लागून सुमारे एक कोटी साठ ते ऐंशी लाख सैनिकांची कागदपत्रं गेली. तरी ‘पुरावा जळाला, विषय संपला’ असं तिथे कुणी म्हटलं नाही. पगाराची पत्रकं, युनिटचे रोजचे अहवाल जुळवून नोंदी पुन्हा उभ्या केल्या. तिथल्या डिस्चार्जच्या कागदाला डीडी २१४ म्हणतात, आणि त्यात राहिलेलं पदक चढवायला डीडी २१५ नावाचा वेगळा दुरुस्तीचा कागदच ठरलेला आहे. दुरुस्तीला ठरलेला कागद असणं म्हणजे उणीव राहू शकते हे व्यवस्थेने आधीच कबूल करणं. पडताळणी कडक असावी, तिला माझी हरकत नाही. ती दप्तराने आपल्याच कागदांतून करावी एवढंच म्हणणं आहे.

आमच्याच लोकांचा एक आक्षेप उरतो: केलं ते देशासाठी केलं, आता मागत कशाला बसायचं. या वृत्तीपुढे माझी मान झुकते. पण शौर्याची बढाई आणि हजेरीची नोंद यांत गल्लत नको. हजेरी मागण्यात कमीपणा नाही.

परदेशातल्या माणसाला हे सगळं दुप्पट जड जातं. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, तिकडची कार्यालयं शनिवार-रविवार बंद. फोन लावायला जेमतेम शुक्रवार उरतो, आणि पाळीवर काम करणाऱ्याला तोही मोकळा मिळेलच असं नाही. गावी मिळणारी रजा लग्नकार्यात, दवाखान्यात आणि शेताच्या सातबाऱ्यात संपते, तिच्यात बेळगावची किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची फेरी बसवणं कठीण. पेन्शनचं काम ‘स्पर्श’ या ऑनलाइन पोर्टलवर आलं, हयातीचा दाखला ऑनलाइन देता येतो, माहितीच्या अधिकारातला अर्ज परदेशातला नागरिकही ऑनलाइन करू शकतो. मग डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून, दूतावासाच्या शिक्क्यानिशी पदकाच्या नोंदीचा अर्ज घेता यायला अडचण काय? त्याहीपुढे, अर्जाची वाट तरी का पाहावी? एखाद्या पलटणीच्या चार जणांची एकाच मोहिमेची नोंद राहिलेली आढळली, तर त्या पलटणीच्या त्या वर्षीच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर पुन्हा तपासाव्यात आणि राहिलेल्यांना दुरुस्तीचं पत्र घरपोच पाठवावं.

घाई करायला कारण आहे. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर जमालपूरच्या वेढ्यात उतरलेले मराठे आता सत्तरीच्या पुढे आहेत. आणि पेन्शनपात्र होण्याआधी फौज सोडलेल्यांची कागदपत्रं नियमानुसार पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. श्रीलंकेहून परतून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घरी आलेल्या अशा जवानांची मुदत कधीच उलटून गेली. पराक्रमनंतर २००३ मध्ये बाहेर पडलेल्यांची २०२८ ला संपेल. त्यांतले काहीजण आज आखातात काम करत आहेत, आणि त्यांच्या शीट रोलची पानं अजून जागेवर आहेत.