गार्ड घ्यायचा तर कडी बघून

ब्रॅम्प्टनहून विनिपेगला माल न्यायचा तर निम्मा जीव ऑन्टारिओ ओलांडण्यातच जातो. वरून हायवे ११ घ्या नाहीतर खालून १७. बऱ्याच पट्ट्यात दोनच लेन, दोन्ही अंगांना जंगल, आणि मधूनमधून मूसचं चित्र असलेली रात्रीच्या धोक्याची पाटी. मूस सांबराच्याच कुळातला, पण पूर्ण वाढलेला नर ५०० किलोच्या वर जातो आणि खांद्याशी सहा फुटांच्या आसपास भरतो. अंग काळपट, त्यामुळे अंधारात तो जवळ येईपर्यंत कळत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळून कडेच्या डबक्यांत साचतं, ते चाटायला उन्हाळ्याच्या तोंडावर हे धूड अगदी डांबराला खेटून उभं असतं.

एवढ्या जनावरापुढे ट्रकच्या तोंडाला लावलेल्या पाइपांच्या गार्डचा काय पाड लागणार, असं यार्डात बरेच जण म्हणतात. खरं आहे, मोठा मूस अंगावर आला तर गार्डही चेपतो. पण गार्ड लावायचा तो ट्रकला ओरखडा येऊ नये म्हणून नाही. माझ्या कॅस्केडिया ट्रकची ग्रिल प्लॅस्टिकची, आणि तिच्या मागे लगेच कूलर आणि रेडिएटर. साधं हरीण आत घुसलं तरी रेडिएटर फुटतो. कूलंट वाहून गेलं की इंजिन बंद करावं लागतं, आणि इंजिन बंद म्हणजे हीटरही बंद. फेब्रुवारीत कापुसकेसिंगच्या अलीकडे, उणे तीस अंशांत, टो-ट्रकची वाट बघत बसायचं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो गार्डच्या किमतीवर फार घासाघीस करत नाही.

दुकानात मात्र सगळे चकाकी बघतात. मी गेलो तेव्हा विकणारा पॉलिशचंच कौतुक सांगत होता. मी म्हटलं, आधी खाली पाडून दाखवा. कारण ट्रकचं बॉनेट पुढे कलून उघडतं आणि गार्ड त्याच्या वाटेतच उभा. निघण्यापूर्वी रोज ऑइल, कूलंट, पट्टे बघायचे म्हणजे रोज गार्ड पाडायचा, रोज उभा करायचा. जाड हातमोजे घालून एका माणसाला कडी सुटत नसेल, तर तो माणूस चार दिवसांनी बॉनेट उघडायचंच सोडून देईल. एका मॉडेलची पिन बोटभर लांबीची होती, मोज्यातून हातालाच लागत नव्हती. ते तिथंच बाद.

दुसरी गोष्ट रडारची. बंपरच्या मध्यावर रडार असतं, पुढच्या गाडीचं अंतर तेच मोजतं. गार्डचा आडवा पाइप त्याच्यासमोर आला की डॅशवर इशारे सुरू. आपल्या मॉडेलच्या आणि सालाच्या ट्रकसाठीच बनवलेला, रडारपुढे मोकळी जागा ठेवलेला गार्ड घ्यायचा, आणि बसवल्यावर रडारची दिशा तपासून घ्यायची. हेडलाइटसमोरून पाइप जात असतील तर तोही नको. जनावर दिसायला हवा तो उजेडच ते खातात. वजनाचाही हिशेब आहे. माझा गार्ड दोनशे पौंडांच्या आसपासचा, आणि तो सगळा भार पुढच्या ॲक्सलवर येतो. माझ्या त्या ॲक्सलचं रेटिंग १२,००० पौंड. टाक्या भरलेल्या असल्या की काट्यावर छातीत धडधड होतेच.

फोनवर कऱ्हाडला आबांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांनी उभी हयात पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ट्रक चालवला, पुढे लिंबू-मिरची बांधून. "आरं, हितं गाडीला गार्ड लावला की पावती फाडत्यात." बरोबरच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरच्या अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं, कारण धडकेत पायी चालणाऱ्याला त्यानं जास्त इजा होते. "आबा, तुमच्या रस्त्यावर माणसं आहेत," मी म्हटलं, "इथं शंभर शंभर किलोमीटर माणूसच दिसत नाही."

निगा म्हणजे मिठाशी भांडण. स्टेनलेस गंजत नाही, हा भ्रम इथला पहिला हिवाळाच उतरवतो. आधी चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके येतात, मग वेल्डच्या कडेनं गंज धरतो. मी पाण्याचा फवारा पुढून मारत नाही. गार्ड पाडतो आणि बंपर आणि ब्रॅकेटच्या सांध्यात मारतो, कारण राड तिथं बसते. बोल्टना जाम न होण्याची पेस्ट, कडीला ग्रीस. रबराचे टेकू झिजले की गार्ड खडखडतो आणि बॉनेटचा रंग खरवडतो. ओला बर्फ पडत असेल तर थांबेल तिथं पाइपांमधला बर्फ ब्रशनं काढायचा, नाहीतर रडार आंधळं होतं.

नोव्हेंबरात, ऐन माजाच्या दिवसांत, ड्रायडनच्या पुढे झुंजूमुंजू होताना हरीण आडवं आलंच. धक्का बसला, पण तापमानाची सुई हलली नाही, कूलंट जागेवर. पाइपात केस अडकलेले, खालचा कोपरा किंचित आत गेलेला. ट्रक चालवतच विनिपेगला पोहोचलो. तिथल्या मेकॅनिकनं पाइप ठीक ठरवला, पण फ्रेमला धरणारे दोन्ही ब्रॅकेट बदलायला लावले. वाकलेला ब्रॅकेट तापवून सरळ करून देतो म्हणणारेही भेटतात. तसल्या ब्रॅकेटवर पुढचा मार झेलायचा माझा विचार नव्हता. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ब्रॅकेटची किंमत रुपयांत विचारली. ती काही मी त्यांना सांगितली नाही.