नेगोंबो येथील सहा तास

कोलंबोचे म्हणून ओळखले जाणारे विमानतळ वस्तुतः कातुनायक येथे असून, नेगोंबो हे समुद्रकाठचे गाव तेथून सुमारे दहा किलोमीटरांवर आहे. दुसऱ्या विमानास बराच अवकाश असेल व प्रवेशपरवाना आधीच काढलेला असेल, तर वाचकांनी राजधानीचा हव्यास न धरता रिक्षाने येथेच यावे. आम्ही तसेच केले.

मासळीबाजारालगतच्या वाळूवर काथ्याच्या चटया अंथरून स्त्रिया खारवलेली मासळी वाळवीत होत्या. त्या वासाने घरचाच किनारा आठवला. जवळच डच किल्ल्याचे द्वार आहे. त्यावर १६७८ हे वर्ष कोरलेले असून आत आता तुरुंग आहे. डचांनी कॅथलिक उपासनेस बंदी घातली होती. त्याच काळात, १६८७ साली, बाणावलीत जन्मलेले संत जोसेफ वाझ मजुराच्या वेषात या बेटावर उतरले आणि विखुरलेला कळप त्यांनी पुन्हा एकत्र केला.

उरलेला वेळ समुद्रस्नानासाठी राखला होता. तोच रिक्षावाल्याने विचारले, “कटुवापिटियास जाणार नाही का?” तेथील संत सेबास्टियनच्या मंदिरात २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या मिस्सेच्या वेळी, बॉम्बस्फोट होऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रक्ताचे डाग पडलेला पुनरुत्थित ख्रिस्ताचा पुतळा तेथे काचेआड जपला आहे. एक वृद्धा मेणबत्ती लावून, डोळे पुसून, मुकाट्याने बाहेर पडली. आम्हीही गुडघे टेकले.

विमान वेळेवर सुटले. समुद्रस्नान राहून गेले. त्याची खंत मात्र वाटली नाही.