घाट चढून आलेली गाडी

आमच्या कल्याणच्या चाळीतल्या तीन घरांनी मिळून एक जुनी गाडी घ्यावी, असा विचार गेल्या उन्हाळ्यात निघाला. कारण साधे होते. घरात म्हातारी माणसे आहेत. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही, लोकलची गर्दी सोसवत नाही आणि भाड्याची गाडी वर्षातून एकदाच परवडते. सुटीत मुलांना डोंगर, धरण दाखवायला न्यावे, तर आजी मागे घरीच राहते. म्हणून प्रत्येक घराने सत्तर हजार काढले. कुणाची भिशी होती, कुणाचे पतपेढीचे कर्ज. दोन लाख दहा हजारांत नवी गाडी येत नाही. तेव्हा सात आसनांची जुनी ईको पाहावी असे ठरले.

पहिल्या रविवारी मुंबईतल्या एका दुकानदाराकडे गेलो. गाडी आरशासारखी चकाकत होती. मीटर एक्केचाळीस हजार किलोमीटर सांगत होता. पण क्लचच्या पेडलवरचे रबर पार गुळगुळीत झालेले. बरोबर आमच्या चाळीतले मिस्त्रीकाका होते. त्यांनी आधी पायाखालची सतरंजी उचलून चिखलाचा डाग आहे का ते पाहिले. २६ जुलै २००५ च्या महापुरात कितीतरी गाड्या बुडाल्या, तेव्हापासूनची ही त्यांची सवय. मग टायरवरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी त्यांनी गॅसच्या किटवर बोट ठेवले. किट गाडीत होते, आर.सी. बुकात त्याची नोंद नव्हती. "होऊन जाईल," दुकानदार म्हणाला. आम्ही नमस्कार करून निघालो.

सगळेच दुकानदार तसे नसतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवा म्हणावे. मागायला लाजू नये. मात्र दुकानदाराचा नफा आणि त्या नफ्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. शेवटी किमतीतच बसतो. खासगी मालकाकडून घेतल्यास तो कर लागत नाही, पण पारख सगळी आपल्यालाच करावी लागते.

दुसरी गाडी इगतपुरीला एका निवृत्त गुरुजींकडे असल्याचे कळले. सकाळची कसारा लोकल धरली. आसनगाव, आटगाव, खर्डी करीत गाडी रिकामी होत गेली. कसाऱ्याला लोकलचा रूळ संपतो. पुढे शेअर जीपने घाट चढून इगतपुरी गाठली. हवा एकदम गार.

गाडी २०१४ ची होती. रंग उडालेला, एका दाराला पोचा. मिस्त्रीकाकांनी गुरुजींना आधीच निरोप दिला होता, "आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका." गार इंजिन एका झटक्यात सुरू झाले. निळा धूर नाही. चासी नंबर आर.सी.शी ताडून पाहिला. मग गाडी कसाऱ्यापर्यंत उतरवली आणि पाच माणसे बसवून पुन्हा घाट चढवली. उतरताना ब्रेकचा वास आला नाही, चढताना काटा तापला नाही. काका एवढेच म्हणाले, "घ्या."

पण मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला, तर आर.सी.वर अजून बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज केव्हाच फिटले होते. बोजा उतरवायचा राहिला होता. आम्ही म्हणालो, "गुरुजी, बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवा, मग पूर्ण रक्कम देतो." गुरुजींचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षे शिकवले हो. आमच्यावर विश्वास नाही?"

आम्हांला वाईट वाटले. तेव्हा आम्ही आमचीच गोष्ट सांगितली. पूर्वी आमची स्कूटर एका ओळखीच्याला विकली, "कागद नंतर करू" म्हणालो. तीन वर्षांनी दंडाच्या नोटिसा आमच्या दारात आल्या. अपघात झाला तर आर.सी.वर ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. "गुरुजी, हा कागद आमच्याइतकाच तुमच्यासाठी आहे." ते थोडा वेळ गप्प बसले. मग आत आवाज दिला, "अगं, चहा टाक." पाच हजारांचा विसार दिला, पावती घेतली.

महिन्याभरात बोजा उतरला. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या झाल्या. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. गाडी एकाच्या नावावर असली, तरी तिन्ही घरांचा हिस्सा आम्ही स्टॅम्प पेपरवर लिहून घेतला आणि पेट्रोल-दुरुस्तीची वही घातली. शेजारधर्म वहीने तुटत नाही, उलट टिकतो.

पावसाळ्यात पहिली फेरी भंडारदऱ्याला झाली. घाट चढून, घोटीहून वळलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, डोंगरावरून उतरणारे पांढरे पाणी. १९२६ सालच्या त्या धरणापाशी आईला हात धरून उतरविले. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही येऊन फक्त सांगायचात."

बंधू-भगिनींनो, जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. रंग मागाहून देता येतो. कागद मात्र पैसे मोजण्यापूर्वीच पाहा. त्या पैशात घरातल्या सगळ्यांचा घाम असतो.