डीएपीची पट्टी

देवणीला मामांच्या ओसरीत मी कागदाच्या दोन पट्ट्या जाळल्या आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नाही!

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, माळवदं, म्हणजे तुळयांवरची जड मातीची छपरं, झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मामांनी माळवद उतरवून पत्रे घातले. पत्रा हलका खरा, पण एप्रिलमध्ये घराची भट्टी होते. म्हणून यंदा पत्र्याखाली छत मारायचं ठरलं. सुतार म्हणाला, "आग न धरणारं प्लायवूड लावू."

आग न धरणारं लाकूड? मी वाचत सुटलो आणि थबकलोच. अशा लाकडात मुरवायच्या रसायनांमध्ये अमोनियम फॉस्फेटही असतं. म्हणजे आपलं डीएपी खत! सोयाबीनसाठी आणलेलं पोतं तर समोरच उभं होतं.

मूठभर दाणे पाण्यात विरघळवले. वरच्या निवळ पाण्यात एक पट्टी भिजवून वाळवली, दुसरी कोरीच ठेवली. काडी लावली. कोरी भडकून राख झाली. खताची नुसती काळी पडत गेली, आणि काडी दूर करताच विझली! ताप लागला की डीएपीतून फॉस्फोरिक आम्ल सुटतं. त्यामुळे लाकडातल्या सेल्युलोजमधून पेटता वायू कमी निघतो, पाणी आणि कोळसा जास्त होतो.

मामींनी ती काळी पट्टी चिमटीत धरली. भुगा झाला.

आणि खरी गोष्ट त्या भुग्यातच आहे! 1980 च्या दशकात अमेरिकेत जोडघरांच्या छपरांत सामाईक भिंतीलगत असं रसायन मुरवलेलं प्लायवूड सर्रास वापरलं गेलं. काही वर्षांतच ते तपकिरी पडलं, ठिसूळ झालं. आग कुठेच लागली नव्हती. छपरात कोंडलेल्या उन्हाच्या तापानं तीच क्रिया संथपणे चालू होती. कुंपणानंच शेत खाल्लं!

मी धावत शिडी चढलो आणि दुपारच्या पत्र्याला हात लावला. टेकवताच मागे घ्यावा लागला. खाली गोठ्यात मात्र जुन्या माळवदाची सागवानी तुळई देवणी गाईच्या डोक्यावर अजून ठणठणीत आहे. तिच्यात असं रसायन मुरवलेलं नव्हतं, आणि जाड मातीखाली तिला असा ताप कधी लागलाही नव्हता.

पुढे रसायनं सुधारली, तापलेल्या लाकडाची ताकद तपासायच्या पद्धतीही आल्या. आपल्याकडे अशा प्लायवूडसाठी आयएस 5509 हे मानक आहे. पण पत्र्याखाली लावणार असाल, तर नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. "इतक्या तापात याची ताकद किती वर्षं टिकते?" हे दुकानदाराकडून लेखी घ्या. मामांनी तसं मागितलंय. कागद हातात येईपर्यंत छताचं काम थांबलेलं आहे.