तळ्याच्या मळ्यांत गोल्फ

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोलाड मागें पडलें कीं इंदापूर लागतें. (पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तें निराळें.) तेथून एक रस्ता पश्चिमेस डोंगरांत शिरतो आणि अर्ध्या तासांत तळें गांवीं पोंचवितो. इतिहासाच्या पुस्तकांत ‘तळें-घोसाळें’ हें जोडनांव वाचकांनीं पाहिलें असेल. सध्यांचा व्यवहार ‘तळा’ असा आहे. पूर्वीं हें माणगांव तालुक्यांतील एक गांव होतें, आतां तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण झालें आहे. गांवाच्या डोक्यावर तळगड उभा आहे. शिवाजीमहाराजांनीं तो १६४८ च्या सुमारास घेतला. पुढें १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले, तेव्हां जे बारा महाराजांनीं आपल्या हातीं राखले त्यांत तळें आणि घोसाळें हे दोन्ही होते. वर जाऊन पाहावें तर माथा अरुंद व लांबट, पडका तट, खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं, आणि दूर मांदाडच्या खाडीचें पाणी. ती खाडी दिसली म्हणजे हा गड कशासाठीं राखला, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

परंतु गडाविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगावयाचें आहे तें त्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका भातखाचराविषयीं.

आमचें मूळ घर तळ्यास आहे. मी मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, उभा जन्म मुलांकडून रूपें घोकून घेण्यांत गेला, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हां येथेंच येऊन राहिलों. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. नाताळच्या सुटींत सूनबाई नातवास घेऊन आल्या, त्या वेळीं मोटारींतून सामानाआधीं एक उंच पिशवी उतरली. तींत लोखंडी डोक्यांच्या काठ्या होत्या. नातू बारा वर्षांचा असून चार वर्षांपासून गोल्फ शिकतो. सुटींत सराव बुडूं नये, अशी वडिलांची आज्ञा होती.

या खेळाविषयीं माझें ज्ञान तोंवर शून्य होतें. आतां इतकें समजलें आहे कीं, जमिनीवर स्थिर ठेवलेला चेंडू काठीनें मारीत मारीत दूरच्या भोकांत न्यावयाचा आणि जो कमीतकमी टोल्यांत नेईल तो सरस. भोकाची रुंदी १०८ मिलिमीटर. चेंडूचें वजन ४६ ग्रॅमच्या आंत. काठ्या चौदांहून अधिक बाळगावयाच्या नाहींत. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथें १७६४ सालीं अठरा भोकांचा रिवाज पडला. साहेबांनीं हा खेळ आपल्याबरोबर आणला; कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं त्याचे क्लब निघाले. आज आमच्या रायगड जिल्ह्यांतच खारघर येथें सिडकोनें केलेलें मैदान आहे. खेळ श्रीमंती आहे, जागा खाणारा आहे, हें मला मान्य आहे. पण तो नुसता श्रीमंतांचाच राहिलेला नाहीं. मुंबईस चेंबूर येथें १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या तेथील पोरांनीं बांधकामाच्या सळया वांकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन आपल्या वस्तीच्या गल्लीबोळांत हाच खेळ मांडला. दिल्लीस असाच पिशव्या वाहत वाढलेला अली शेर १९९१ सालीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू.

असो. नातू रोज सकाळीं अंगणांत उभा राही, मोजून शंभर वेळां काठी फिरवी, आणि सूनबाई त्याचें चलच्चित्र फोनवर घेऊन पुण्यास पाठवीत. रात्रीं फोन येई. “खांदा आधीं फिरतोय,” “मान उचललीस.” मुलगा “हो बाबा” म्हणे. मीं त्याला एकदांही हांसतांना पाहिलें नाहीं. चौथ्या दिवशीं पिशवी माजघराच्या कोपऱ्यांत ठेवून तो म्हणाला, “आजोबा, मला आज काठी धरायची नाहीं.”

म्हणून मीं त्यास कुड्याचीं लेणीं पाहावयास नेलें. तळ्याहून मांदाडकडे जातांना खाडीवरच्या डोंगरांत हीं सव्वीस बौद्ध लेणीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. भिंतीवरील लेखांत दात्यांचीं नांवें आहेत: कोणी माळी, कोणी वैद्य, एक तर थेट कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. ‘अमुक याचें हें दान’, एवढाच मजकूर. मीं तो त्याला अर्थ करून सांगत होतों. तो बराच वेळ अक्षरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, त्यानें अर्धंच दिलं असतं आणि सगळं दिलं असं लिहिलं असतं, तर कोणाला कळलं असतं?”

“कोणालाच नाहीं,” मी म्हणालों.

त्यावर पोरानें सगळें सांगून टाकलें. दिवाळीनंतरच्या एका स्पर्धेंत झाडीमागें त्याला सहा टोले लागले होते. पाहणारें कोणी नव्हतें. त्यानें पांच सांगितले, पत्रिकेवर पांच लिहिले गेले, खालीं त्यानें सही केली आणि त्या एका टोल्याच्या फरकानें तिसऱ्या नंबराचा कप घरीं आला. तो कप दिवाणखान्यांत कांचेच्या कपाटांत ठेवला होता. “बाबा फोनवर आधीं किती झाले तेंच विचारतात,” तो म्हणाला.

मला त्याचा राग आला नाहीं. वर्गांत गुणपत्रिका वाचतांना मी खालच्या नंबरापासून वर चढत जात असें. शेवटच्या दोन बांकांवरील मुलें त्या वेळीं कोठें पाहत, हें मीं कधीं पाहिलें नव्हतें. बापास ‘किती?’ हा प्रश्न कोणी शिकविला, हें मला पायऱ्यांवर बसल्या बसल्या उमगलें.

त्या रात्रीं मीं त्याला बॉबी जोन्सची हकीगत वाचून दाखविली. १९२५ सालीं अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत गवतांतला चेंडू मारण्यापूर्वींच किंचित् हलला. तें कोणीं पाहिलें नव्हतें. त्यानें आपण होऊन एक टोला आपल्यावर धरला. त्यामुळें बरोबरी झाली आणि शेवटीं तो हरला. याबद्दल लोक आपली स्तुति करतात हेंच त्याला चमत्कारिक वाटे. नातवानें दोनदां वाचून घेतलें, आणि वहीचें पान फाडून त्या स्पर्धेच्या चालकांस पत्र लिहिलें. मात्र तें पेटींत टाकूं दिलें नाहीं. “बाबांनीं आधीं पाहायला हवं,” असें म्हणून पत्र माझ्या कोटाच्या खिशांत ठेवलें.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी कोपऱ्यांतच राहिली. शेजारचीं चार मुलें आमच्या कापणी झालेल्या खाचरांत विटीदांडू खेळत होतीं, त्यांत हा मिसळला. दोन दिवसांनीं पाहतों तों तेथें सात ठिकाणीं करवंट्या पुरलेल्या! करवंटीचें तोंड गोल्फच्या भोकाएवढेंच भरतें, हा शोध नातवाचा. बाकीचे कायदे गांवच्या मुलांचे: बांधावर चेंडू अडला तर एक टोला दंड, शेणांत पडला तर माफ, धसकटांत हरवला तर सर्वांनीं मिळून शोधावयाचा. काठी एकच, ती पाळीपाळीनें. नाहीं तर दांडू. मलाही उतरविलें. पहिल्या करवंटीस मला अकरा टोले लागले. तेव्हां त्यांनीं मला सात टोले आगाऊ सूट दिली आणि मी एका आठ वर्षांच्या मुलीशीं बरोबरीनें हरलों. कमजोराला सूट देऊन आजा-नातवांचा सामना बरोबरीचा करण्याची ही सोय खऱ्या गोल्फांतही आहे. ती दुसऱ्या फारच थोड्या खेळांत असेल.

महाभारताच्या आदिपर्वांत कुरुकुमार गांवाबाहेर विटी खेळत असतां ती विहिरींत पडते, कोणासही निघत नाहीं, आणि एक कृश ब्राह्मण गवताच्या काड्या एकींत एक रोंवून ती वर काढतो. तेच द्रोणाचार्य. मुलांना गुरु मिळाला, अस्त्रें मिळालीं, पुढचें सर्वांस ठाऊक आहे. पण त्यानंतर तीं मुलें पुन्हां विटी खेळल्याचें मला तरी कोठें आठवत नाहीं. धातुपाठांत दिव् धातूचे दहा अर्थ सांगितले आहेत. त्यांत क्रीडा पहिली, विजिगीषा दुसरी. हा क्रम मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला आणि स्वतः विसरलों.

सूनबाई डॉक्टर आहेत. त्यांनीं मला दाखविलें कीं, अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं असाच सल्ला दिला आहे: एकाच खेळास जुंपणें पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत टाळावें, आठवड्यांतून एक-दोन दिवस आणि वर्षांतून एकंदर तीन महिने त्या खेळास विश्रांति द्यावी. कंबरेस पीळ देऊन शेंकडों टोले मारणें वाढत्या हाडांस सोसत नाहीं. मोठ्याची काठी कापून मुलाच्या हातीं देऊं नये, ती जड पडते. आणि आरंभ भोकाजवळून करावा, म्हणजे चेंडू आंत पडल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं मिळतो. मग एकेक पाऊल मागें सरावें. आमच्या करवंट्या वीस पावलांवर होत्या, त्यामुळें हें आपोआपच साधलें होतें. सूनबाई हें सर्व जाणत होत्या, पण घरांत बोलल्या नव्हत्या. आमच्यासारख्या घरांत सुनांनीं न बोललेलें पुष्कळ असतें.

त्यांनींच अदिति अशोक हिची गोष्ट सांगितली. बंगळूरची ही मुलगी पांच-सहा वर्षांची असतां या खेळाकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें तिची पिशवी वडिलांनीं वाहिली. २०२१ सालीं टोकियोस आईनें. टोकियोस ती चौथी आली, पदक अवघ्या एका टोल्यानें हुकलें. पिशवी वाहणारी माउली मुलीबरोबर मैलोगणती चालली, हें मला त्या चौथ्या क्रमांकाइतकेंच मोलाचें वाटलें.

वर्षाअखेरीस चिरंजीव आम्हांस भेटावयास व मंडळींस न्यावयास आले. रात्रीं जेवणें झाल्यावर नातवानें माझ्या खिशांतून पत्र काढून त्यांच्या हातीं दिलें आणि तो आजीमागें जाऊन उभा राहिला. चिरंजिवांनीं तें दिव्याखालीं वाचलें. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या बराच वेळ वाजत होत्या. शेवटीं ते म्हणाले, “बाबा, हा कप मीं ऑफिसांत सगळ्यांना दाखवला होता.” मीं उत्तर दिलें नाहीं, माझ्याजवळ तें नव्हतें. अर्ध्या घटकेनें त्यांनीं मुलास हांक मारली, जवळ बसविलें, आणि पत्रांतली एक चूक दाखविली: ‘कप’ परत पाठवितों, हें लिहावयाचें राहिलें होतें. तें त्यानें तेथेंच लिहिलें.

सकाळीं धुकें निवळतांच मुलें खाचरांत जमलीं. चिरंजीव बांधावर उभे होते. त्यांनीं तोंड उघडलें तेव्हां मला वाटलें, खांद्याविषयीं बोलणार. “मला एकदां मारूं देतोस?” त्यांनीं नातवास विचारलें. काठी घेतली, पाय रोवले, खांदा आधीं फिरला, मान उचलली गेली, आणि चेंडू बांध ओलांडून शेजारच्या वालांत गेला. कायद्याप्रमाणें आम्ही सगळे वालाच्या वेलांत वांकून शोधूं लागलों. ओटीवरून सूनबाई चहा निवतो म्हणून हांका मारीत होत्या, आणि नातू बापास सांगत होता, “बाबा, तिकडे नाहीं, इकडे पडला. मीं पाहिला.”